स्काउट-गाईडला गेला होतात? तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल भाचीचा गाईडचा गणवेश आला. स्कार्फ हातात घेतला आणि बोटं आपोआप चालायला लागली! लांब कडेकडून घट्ट वळत यायचं, मागे छोटा त्रिकोण ठेवायचा, पुढची टोकं सारखी करून वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, वर सरकवायचा. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तरी सगळं पाठ.

त्या वयात मी वर्गात तोंड उघडत नसे. पथकात मात्र सहा-आठ जणींचा एक संघ, आणि इतक्या कमी जणींत मागे बसून राहता येतच नाही. प्रत्येकीकडे काही ना काही असायचंच. माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी. कॅप्टनबाईंनी ती कधी उघडून तपासली नाही. कापूस संपला तर मीच बघायचं, कुणाला खरचटलं की हाक मलाच. त्या पेटीने मला बोलायला लावलं. भाचीही अबोल आहे, म्हणून विचारतेय. तुम्ही कसे गेलात, काय मिळालं? तिला वाचून दाखवणार आहे.

खुंटी
अहाहा, भारी धागा! मला एकदम तंबूच आठवला. आमचे तंबू कापडी, ताण सुती दोरांचे. पहिल्या रात्री संघनायकाने सगळ्यांना झोपेतून उठवलं, दव पडायला लागलंय, ताण सैल करा म्हणून. सगळे करवादले. पण सुती दोर भिजला की आखडतो, खुंट्या उपटतो नाहीतर कापड फाडतो. शेजारच्या संघाने केलं नाही, पहाटे त्यांचा तंबू अंगावर. आमचा संघनायक फार तर चौदाचा असेल. मोठं माणूस जवळपास नव्हतं आणि त्याला ते ठाऊक होतं! मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

पिंपळपान
+१ बस आली, नंतर लिहितो

सदाफुली
आमच्याकडे भाऊ जायचा आणि मला ‘मुलींचं काय काम तिथे’. फार रडले होते. नंतर गाईडचं पथक निघालं तेव्हा नाव द्यायला सगळ्यात आधी मी.
रानजाई, भाचीला हे नक्की सांग: १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली बोलावणं नसताना थेट येऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गाईडची चळवळ सुरू झाली. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलच्या बहिणीने, ॲग्नेसने, सुरुवातीला ती सांभाळली.

रानजाई
@सदाफुली आत्ताच सांगितलं, डोळे चमकले तिचे :)

कोरा_कागद
माझा अनुभव वेगळा आहे, लिहू का? आमच्या पथकात नुसती कवायत. सावधान-विश्राम, बुटांना पॉलिश, पाहुणे आले की सलामी. रानात एकदाही नेलं नाही. गाठी फळ्यावर शिकवल्या. मी सोडून दिलं, आणि इथलं वाचून आज त्याचं वाईट वाटतंय.

खुंटी
@कोरा_कागद फळ्यावर गाठी?? अरेरे. वाईट वाटणारच. १९०७ चं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरचं बेडन-पॉवेलचं पहिलं शिबिर आठवा: वीसेक मुलं, चार संघ, श्रीमंत घरची आणि कामकरी घरची एकाच तंबूत. माग काढणं, शेकोटी, होड्या. गणवेश नंतर आला, रान आधी. तुम्हाला ते द्यायला हवं होतं.

सदाफुली
खरंय. सगळं शिकवणाऱ्यावर असतं. कोरा_कागद, रानात अजूनही जाता येईल की!

आईची_घाई
माझा मुलगा बारा वर्षांचा, त्याला जायचंय पण रात्री घराबाहेर कधी झोपलेला नाही. काय करू? (फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या)

रानजाई
@आईची_घाई आधी दिवसाच्या भटकंतीला जाऊ दे. संघातल्या मुलांशी ओळख झाली की रात्र सोपी जाते. आणि पथकाच्या शिक्षकांना सरळ विचारा: मुक्कामाला मोठी माणसं किती, आजारी पडलं तर काय करता, आम्हाला कसं कळवता. चांगलं पथक असलं तर तुम्ही विचारायच्या आधीच सांगतात.

दोरखंड
गाठींमध्ये तो रीफ नॉट एवढा गाजवलेला! बँडेजला उत्तम, सपाट बसतो, टोचत नाही. पण वजन पेलायला दोन दोर जोडताना तो कधीच वापरू नका, निसटतो. माणसाला कमरेला बांधायचं तर बोलाईन गाठ, तिचा फास आवळत नाही. हे आमच्या सरांनी इतक्यांदा करून घेतलं की अंधारात पाठीमागे हात करून बांधायचो.

खुंटी
@दोरखंड पाठीमागे! आमच्याकडे डोळे बांधून. शर्यत लावायची का? :D

पिंपळपान
आलो. मला आवडायच्या त्या वाटेवरच्या खुणा. काटक्यांचा बाण म्हणजे इकडे, फुली म्हणजे इकडून नाही. वर्तुळात ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलच्या थडग्यावर तीच खूण कोरलीय. सरांनी हे सांगितलं तेव्हा आमचा गोंगाट करणारा संघ पार गप्प झाला होता.

सदाफुली
अंगावर काटा आला.
बरं, सप्तर्षींवरून ध्रुव कोण कोण शोधायचं? पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या कडेचे दोन तारे) जोडून रेघ क्रतूच्या बाजूने पाचपट पुढे न्यायची. मी अजून गच्चीवर गेले की आधी तेच करते.

कोरा_कागद
हे मला येत नव्हतं. आज रात्री बघतो.

आईची_घाई
धन्यवाद सगळ्यांना, रविवारी पथकाला भेटायला जातोय. बूट नवे घेऊ का जुने चालतील?

दोरखंड
नवे घेतलेत तर आठवडाभर घरात घालून फिरू दे, थेट भटकंतीला नको, फोड येतात. आणि शिट्टी द्या. डोंगरात मदत मागायची तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. समोरून तीन आल्या म्हणजे ऐकलं.

आईची_घाई
सहा आणि तीन. लिहून घेतलं. शिट्टी पाठपिशवीत ठेवली तर चालेल?

खुंटी
नको, गळ्यातच. पडलात आणि पिशवी लांब गेली तर?