सीडी ऑनलाइन घेताना दुकान आधी बघायचं की तबकडी?

तबकडीवेडा (धागाकर्ता):
गेल्या महिन्यात एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून 'नवी, सीलबंद' म्हणून एक सीडी मागवली. पाकीट फोडून तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, तर पाठ निळसर-हिरवी. कारखान्यात साच्यातून निघालेली सीडी पाठीमागून चंदेरी दिसते, कारण पॉलिकार्बोनेटवर खड्डे उमटवून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला असतो. बर्न करायच्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, हा रंग त्याचाच. आतल्या कड्यावर आयएफपीआयचा (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा) कोडही नव्हता. म्हणजे कुणीतरी घरी कॉपी करून, छापील कागद घालून ती नवी म्हणून विकली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सीडी घ्यायची ती डिस्कॉग्ज या संगीताची सूची आणि बाजार असलेल्या संकेतस्थळासारख्या ठिकाणीच, जिथे प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद असते: देश, वर्ष, कॅटलॉग क्रमांक, कड्यावरचा मॅट्रिक्स नंबर (साच्याची ओळख सांगणारी अक्षरं). मोठ्या दुकानात एकाच नावाखाली पाच आवृत्त्या कोंबलेल्या असतात. खालचे अभिप्राय भलत्याच आवृत्तीचे, आणि हाती काय पडेल ते नशिबावर. तुम्ही कुठून घेता आणि का?

रोजचा श्रोता:
असहमत. पैसे परत मिळाले की नाही ते तुम्ही लिहिलंच नाहीत. मिळाले असतील, तर मोठ्या दुकानाचा फायदा नेमका तोच आहे. एखाद्या व्यक्तीकडून जुनी सीडी घेतली आणि ती अडकत वाजली, तर आधी पत्रव्यवहार, मग फोटो, मग 'माझ्याकडे नीट वाजत होती' हे उत्तर. प्रतवारी म्हणाल तर गोल्डमाइन मासिकाची मोजपट्टी सगळेच वापरतात, पण एकाचं 'व्हेरी गुड प्लस' दुसऱ्याला जेमतेम 'गुड' वाटतं. बरेच विक्रेते तबकडी वाजवूनही बघत नाहीत, नुसती बघून प्रत ठरवतात. मला संगीत ऐकायचंय, संशोधन करायचं नाहीये.

तबकडीवेडा:
पैसे मिळाले, तक्रारच नाही. पण मला ती सीडी हवी होती आणि ती अजून मिळालेली नाही. आणि मी पाठ बघितली म्हणून कळलं. किती जण बघतात?

कडेवाचक:
धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, पण एक दुरुस्ती. आयएफपीआयचे कोड 1994 पासून आले आणि तेही सगळ्या कारखान्यांनी एका दिवसात घेतले नाहीत. सीडी बाजारात आली 1982 मध्ये. म्हणजे 80 च्या दशकातल्या अस्सल तबकडीवर तो कोड नसणारच. कोड नाही म्हणून कुणी चांगली जुनी प्रत परत पाठवू नये. रंगाचंही तसंच, काही सीडी-आर फिकट, जवळपास चंदेरी दिसतात. म्हणून मी विक्रेत्याकडे कड्याचा फोटो मागतो आणि त्यावरची अक्षरं डिस्कॉग्जच्या नोंदीशी ताडून बघतो. फोटो द्यायला टाळाटाळ केली की सौदा तिथेच संपला.

अजून एक. ओरखडा पाठीवर असला तर फारसं घाबरू नका. तिथे जवळजवळ 1.2 मिलिमीटर प्लास्टिक आहे, हलके ओरखडे प्लेअर सांभाळून घेतो. खरी भीती छापील बाजूची. तिथे धातूचा थर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये लाखेचा पातळ पापुद्रा आणि छपाईची शाई, एवढंच. तबकडी उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके गाण्यांच्या भागात दिसले तर विचारात पडा. दुर्दैवाने विक्रेते फोटो टाकतात तो पाठीचाच.

गायकाचा चाहता:
तुम्ही दोघंही अस्सल आणि नक्कल यातच अडकला आहात. ज्याने गाणं केलं त्याला काय मिळालं? वापरलेली सीडी कितीही अस्सल असो, त्या विक्रीतून कलाकाराच्या हाती छदामही पडत नाही. कलाकार हयात आहे, काम करतोय, तर आधी त्याचं स्वतःचं पान किंवा बँडकॅम्प (कलाकार थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ) बघा. तिथे सीडीवर साधारण 10 टक्के आणि डिजिटलवर 15 टक्के वाटा कापला जातो, व्यवहाराचा खर्च वेगळा. मार्च 2020 पासून अधूनमधून येणाऱ्या 'बँडकॅम्प फ्रायडे'ला तर ते आपला वाटा सोडतात. सीडी टपालात असतानाच गाणी उतरवून घेता येतात ते वेगळंच. नक्कल मिळायची भीतीही नाही, कारण माल पाठवणारा तोच.

रोजचा श्रोता:
हे पटलं, पण अर्धंच. ज्यांचं लेबल बंद पडलंय किंवा जे आज नाहीत, त्यांचं काय? माझ्या कपाटातलं बहुतेक संगीत तसलंच आहे. आणि छोटे कलाकार कधी कधी स्वतःच सीडी-आर काढतात, पन्नास-शंभर प्रतींसाठी साचा परवडत नाही म्हणून. तिथेही विचारूनच घ्यायला हवं.

गायकाचा चाहता:
विचारा की! पण कलाकाराने सांगून विकलेली सीडी-आर आणि धागाकर्त्यांना मिळालेली नक्कल एका तागडीत घालू नका. एकात कष्टाचे पैसे आहेत, दुसऱ्यात चोरी.

जुनी कानसेन:
आवृत्तीच्या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांसोबत. नवा रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने बसवलेली आवृत्ती) म्हणून घेतलेल्या दोन सीडी ऐकवेनात. सगळंच चढ्या आवाजात, तबल्याची थाप आणि गायकाचा श्वास एकाच पातळीवर आणून ठेवलेले. 90 च्या दशकापासून आवाज चढवण्याची जी चढाओढ लागली, तिचा हा परिणाम. म्हणून मी पहिली आवृत्ती शोधते, आणि ती मोठ्या दुकानात मिळत नाही.

कडेवाचक:
ताई, पहिली म्हणजे चांगली असंही नाही. सुरुवातीच्या काही सीडी एलपीसाठी तयार केलेल्या टेपवरूनच काढल्या होत्या, त्या किरकिऱ्या वाजतात. शिवाय इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण 1988 ते 1993 दरम्यान निघालेल्या बऱ्याच सीडी कडेकडून तांबूस पडत गेल्या, कारण लाखेला वेष्टनातल्या गंधकाचा त्रास झाला. कड्यावर 'मेड इन यू. के. बाय पीडीओ' दिसलं तर रंगाबद्दल आधी विचारा.

जुनी कानसेन:
हे ठाऊक नव्हतं. माझ्याकडच्या तीन तबकड्या कडेने तपकिरी होत चालल्यात, मी समजत होते दमटपणा. आज रात्रीच तिन्हींची गाणी काढून ठेवते.

तबकडीवेडा:
लगेच काढा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणकावरच्या प्रोग्रॅमने काढलीत तर अ‍ॅक्युरेटरिपशी ताळा होतो, म्हणजे त्याच तबकडीच्या इतरांच्या प्रतींशी तुमची प्रत जुळते का ते कळतं. नवी आलेली सीडीही मी परत करण्याच्या मुदतीतच अशी तपासतो, कुठूनही घेतलेली असो.

चाहत्यांचं म्हणणं मान्य. कलाकार विकत असेल तर आधी त्याच्याकडे. पण जुन्यासाठी माझं मत कायम आहे, तबकडी आधी, दुकान नंतर.

रोजचा श्रोता:
आणि माझंही. परत घेणार नसेल, तर कड्यावर काहीही कोरलेलं असो, मी घेणार नाही.