ओसिओलाच्या पाइनवनातील मुक्कामाविषयी

जॅक्सनव्हिलकर: सह्याद्रीत पंधरा वर्षे गडकिल्ले हिंडलो, फ्लोरिडातील सपाट पाइनवन मात्र पायाखालचे नाही. डिसेंबरात मी व पत्नी ओसिओला राष्ट्रीय वनातून जाणाऱ्या फ्लोरिडा ट्रेलवर चालून, कसलीही सोय नसलेल्या जागी एक रात्र तंबूत काढू म्हणतो. चढ नावालाही नाही, तेव्हा पाण्याखेरीज कशाची चिंता करावी?

पायवाट: चिंता पाण्याचीच करा, पण पायाखालच्या. या रानात वाळूखाली हात-दोन हात खोलीवर सेंद्रिय द्रव्य साचून घट्ट झालेला काळपट थर असतो, ज्याला येथे हार्डपॅन म्हणतात. त्यातून पाणी सावकाश मुरते, म्हणून जोराच्या पावसानंतर सपाट वाट अनेक दिवस घोट्यापर्यंत बुडालेली राहते. वीतभर उंचवटाही येथे महत्त्वाचा ठरतो. सॉ पाल्मेटोची झुडपे दाट असतील तेथे जमीन बहुधा कोरडी मिळते आणि पाणथळ जागी वाढणारे सायप्रस वृक्ष दिसू लागले की तंबूचा विचार सोडावा. पिण्यासाठी माणशी चार लिटर पाणी बरोबर ठेवा. ओढ्याचे पाणी गाळले तरी कोऱ्या चहासारखेच दिसते. तो रंग कुजलेल्या पानांतील टॅनिनचा असतो, तेव्हा फिल्टरला दोष देऊ नये.

रानवाटा: वाटेच्या खुणा नारिंगी असतात. खोडाभोवती पांढरा पट्टा दिसला, तर ती वाट समजू नका. ते रेड-कॉकेडेड वुडपेकर या सुतारपक्ष्याचे घर असते. हा पक्षी जिवंत, जुन्या पाइनमध्ये ढोली कोरतो आणि भोवती लहान छिद्रे पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे सापाला वर चढणे कठीण जाते. मेणबत्ती वितळावी तशी ती राळ खोडावर थिजलेली असते. अशा झाडांजवळ मुक्काम नको. खोडे काळी दिसली तर घाबरू नका, लाँगलीफ पाइनच्या रानाला ठरावीक वर्षांनी आग लागतेच आणि वनखाते ती मुद्दाम लावते. तुमच्या विजारीवर कोळशाचे ओरखडे मात्र उठतील. अस्वले आहेत, म्हणून खाणे तंबूत ठेवू नये.

पायवाट: एक राहिलेच. डिसेंबर हा हरणांच्या शिकारीचा हंगाम आहे. मुक्कामावर निर्बंध असतात, म्हणून आधी वनकार्यालयात विचारा.

जॅक्सनव्हिलकर: आभारी आहे. बेत फेब्रुवारीवर ढकलला असून मोज्यांच्या दोनऐवजी चार जोड्या घेत आहे.