नोंदवहीऐवजी टॅबलेट आणले, पण वही काही सुटत नाही: काय करावे?

प्रश्न: उत्पादन_अंबड

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग पाहतो. कायम आणि कंत्राटी मिळून दीडशेच्या आसपास कामगार आहेत आणि तीन पाळ्यांत प्रामुख्याने सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग व ग्राइंडिंगचे काम चालते. ग्राहकाने लॉटनिहाय ट्रेसेबिलिटीचा (कोणता माल कधी, कोणत्या मशीनवर बनला याचा माग लागण्याचा) आग्रह धरल्यावर, आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्येही तोच मुद्दा निघाल्यावर, व्यवस्थापनाने कागदी जॉब कार्डे बंद करून प्रत्येक लाइनवर टॅबलेट बसवले. बारकोड स्कॅन करणे, मशीन थांबल्यास कारण निवडणे आणि रिजेक्शन (नाकारलेला माल) तिथल्या तिथे नोंदवणे एवढेच ऑपरेटरकडून अपेक्षित आहे.

प्रशिक्षण रीतसर झाले आहे आणि उघड विरोध कोणीही करत नाही. तरीही बहुतेक नोंदी पाळी संपताना एकगठ्ठा भरल्या जातात, मशीन थांबण्याचे कारण म्हणून ‘इतर’ हाच पर्याय सर्रास निवडला जातो आणि सुपरवायझर जुनी वही खणात ठेवून पूर्वीसारखीच लिहीत आहेत. मुले आयटीआय झालेली आहेत, मोबाइल सराईतपणे वापरतात. त्यामुळे येत नाही म्हणून करत नाहीत, असे म्हणता येत नाही. पुढच्या एक तारखेला सगळ्या वह्या जमा करून घ्याव्यात, असे मालकांचे मत आहे. हा उपाय टिकेल का?

उत्तर: मनुष्यबळ_सातपूर

वह्या जमा केल्या तर त्या खणातून खिशात जातील, इतकाच फरक पडेल. ऑपरेटर ‘इतर’ का निवडतो, याचा आधी शोध घ्यावा. ‘टूल उपलब्ध नाही’ असे नोंदवले की स्टोअर दुखावते, ‘सेटिंगला उशीर’ म्हटले की मशीनची जुळणी करणारा सेटर नाराज होतो, ‘माल आला नाही’ म्हटले की नियोजन विभागाचा फोन येतो. आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे लागते ते मात्र रात्रपाळीच्या त्या ऑपरेटरलाच. अशा वेळी ‘इतर’ हीच त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित नोंद ठरते.

सुपरवायझरची अडचण निराळी आहे आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. आज कमी निघालेला माल उद्याच्या आकड्यात सामावून घेणे, चांगल्या कामगाराचा एखादा वाईट दिवस झाकणे, ही मुभा वहीमुळे त्याच्या हातात होती आणि तिच्याच बळावर तो माणसे सांभाळत होता. टॅबलेटने ती काढून घेतली. बदल्यात त्याला काय मिळाले, हे कोणी सांगितलेले दिसत नाही. ओव्हरटाइम ठरवणे किंवा लाइनवरील माणसांची अदलाबदल करणे असा एखादा खरा अधिकार त्याच्याकडे सोपवता येतो का, ते पाहावे.

शिवाय या नोंदी कशासाठी वापरल्या जातील आणि कशासाठी वापरल्या जाणार नाहीत, हे प्लांट हेडच्या सहीने सूचनाफलकावर लावावे. निदान सुरुवातीच्या काळात कारणे दाखवा नोटीस किंवा इन्सेंटिव्हची कपात या नोंदींवरून होणार नाही, असे त्यात स्पष्ट असावे. आणि नोंदींतून पुढे आलेली एखादी अडचण सर्वांना दिसेल अशी दूर करावी. ती बातमी कँटीनमधून आपोआप पसरते. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

उत्तर: माजी_कामगार_प्रतिनिधी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण इन्सेंटिव्हचा विषय सौजन्यापुरता नाही, हे लक्षात घ्यावे. वेतन, कामाचे तास किंवा पाळ्या यांसारख्या सेवाशर्तींत बदल करायचा असेल, तर कामगारांना पूर्वसूचना देऊन २१ दिवस थांबावे लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये ही तरतूद होती आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ती ठेवलेली आहे. युनियनशी करार करून केलेल्या बदलाला मात्र अशी सूचना लागत नाही. केवळ नोंदीची पद्धत बदलणे यात बसत नाही; पण त्याच नोंदींवरून उद्या इन्सेंटिव्हचे सूत्र बदलले, तर प्रश्न उभा राहील.

कामगारांना केवळ कळवणे आणि ठरवण्यात सामील करून घेणे यांत मोठे अंतर आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातील प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. तेथे कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसते सांगण्यात आले, त्याचे उत्पादन घटले, तक्रारी वाढल्या आणि काहींनी नोकरी सोडली. ज्या गटांतील सगळ्यांनी बदल आखण्यात भाग घेतला, ते लवकर सावरून आधीच्या पातळीच्या वर गेले. आपल्याकडील मशीन थांबण्याच्या कारणांची यादी कोणी बनवली?

उत्तर: ईआरपी_अंमलबजावणी

माझे मत थोडे कडक आहे. दोन पद्धती समांतर चालू ठेवणे सर्वांत घातक, कारण आकडे जुळले नाहीत की विश्वास कायम वहीवरच बसतो. त्यामुळे वही बंद करण्याची तारीख हवीच. फक्त ती संपूर्ण कारखान्याला एकच नसावी. एक लाइन घ्यावी, तिथले सगळे दोष काढावेत, तिथली वही बंद करावी आणि मगच पुढच्या लाइनकडे वळावे. सकाळच्या बैठकीत त्या लाइनचे आकडे फक्त स्क्रीनवरून घ्यावेत. साहेबच वहीतला आकडा विचारत असतील, तर सुपरवायझरने ती का सोडावी?

एकदा तिसऱ्या पाळीत लाइनवर उभे राहून पाहावे. कूलंटने ओले झालेले हातमोजे, लांबलचक यादी आणि ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात तुटणारे वायफाय एकत्र आले की नोंदी एकगठ्ठाच होणार. सात-आठ कारणे आणि मोठी बटणे पुरेशी असतात.

जाता जाता: बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात, हा प्रशिक्षणवर्गांत नेहमी ऐकू येणारा आकडा मालकांना सांगू नये. मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये त्याची छाननी केली, तेव्हा त्याला विश्वासार्ह पुरावा आढळला नाही.

प्रश्नकर्ता: उत्पादन_अंबड

सर्वांचे आभार. कारणांची यादी क्वालिटी आणि संगणक विभागाने मिळून केली होती. त्यात एकही सुपरवायझर नव्हता. ‘इतर’च्या बऱ्याच नोंदी रात्री टूल स्टोअर बंद असण्याच्या वेळेतल्या आहेत, असे आज दोन सेटरनी सांगितले. स्टोअरची एक चावी रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे देण्याचा प्रस्ताव मी उद्याच मांडतो आणि सुरुवात ग्राइंडिंगऐवजी टर्निंगच्या एका लाइनवर करतो. इन्सेंटिव्ह मात्र याच आकड्यांना जोडायचा, असा मालकांचा आग्रह आहे.

उत्तर: माजी_कामगार_प्रतिनिधी

मग तो विषय टॅबलेटपासून पूर्ण वेगळा काढावा आणि पुढच्या वेतनकराराच्या चर्चेत ठेवावा. तोपर्यंत फलकावरील सूचनेत ‘इन्सेंटिव्हचे सध्याचे सूत्र कायम राहील’ हे वाक्य असू द्यावे, आणि त्यावर मालकांचीच सही घ्यावी.