मेल सर्व्हरने व्हायरस तपासावा का?

जिनिंगवाला, जामनेर:
कोइमतूरच्या मिलने गाठींचा एचव्हीआय रिपोर्ट (कापसाच्या धाग्याची मशीन-तपासणी) पासवर्डवाल्या झिपमध्ये पाठवला. आमच्या सर्व्हरने व्हायरसचा संशय घेऊन तो गिळला. ना त्यांना कळलं, ना मला. सौदा लटकला तो वेगळाच. पोस्टमनने पाकीट पोचवावं, फोडून बघू नये. कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आहे ना, मग सर्व्हरने कशाला नाक खुपसायचं?

भुसावळचा भाऊ:
भो, त्या अँटिव्हायरसचं रिन्यूअल कधी केलं ते बघा आधी! मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस मेलमधून आला तेव्हा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ होतं. विंडोज शेवटचं व्हीबीएस (म्हणजे चालणारा प्रोग्राम) लपवायचं, माणसाला वाटायचं साधी टेक्स्ट फाइल. उघडली की आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर रवाना. ऑफिसात दहा जण असले की एक तरी क्लिक करतोच.

जिनिंगवाला, जामनेर:
बरं, अडवा. पण अडवलं एवढं सांगायला काय जातं?

सर्व्हरवाला धुळेकर:
खरी गोम तिथेच आहे. सोबिग (2003), मायडूम (2004) हे व्हायरस पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकायचे. सर्व्हर त्या पत्त्यावर ‘तुमच्या मेलमध्ये व्हायरस सापडला’ असं कळवत सुटायचे आणि ज्याने काही पाठवलंच नाही त्याचा इनबॉक्स भरायचा. हा कचरा नको म्हणून काही अ‍ॅडमिन मेल गुपचूप उडवतात. तेही चूकच.

समोरच्या सर्व्हरशी जोडणी चालू असतानाच तपासा आणि तिथल्या तिथे 550 (नकाराचा कोड) देऊन नाकारा. मेल खऱ्या माणसाचा असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला क्लॅमएव्ही अँटिव्हायरसचा मिल्टर (मेलची गाळणी) जोडा, फुकट आहे. फक्त सेटिंगमध्ये ‘क्वारंटाइन’ (बाजूला ठेवणं) असतं, ते ‘रिजेक्ट’ (नाकारणं) करा. मग ईकारची 68 अक्षरांची टेस्ट फाइल (अँटिव्हायरस चालतो का ते बघायची, निरुपद्रवी) पाठवून खात्री करून घ्या.

भुसावळचा भाऊ:
पासवर्डवाल्या झिपच्या आत कोणाला दिसतं? 2004 चा बेगल व्हायरस तसाच यायचा, पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून. सरसकट बंद करा.

जिनिंगवाला, जामनेर:
वा! उद्या बँकेचं पासवर्डवालं पीडीएफ स्टेटमेंटही बंद कराल.

सर्व्हरवाला धुळेकर:
पीडीएफ येऊ द्या. झिप तेवढी रोखून ठेवा आणि ज्याच्या नावाने आली त्याला कळवा.

जिनिंगवाला, जामनेर:
हे चालेल. सोडायची की नाही ते मी ठरवीन.

भुसावळचा भाऊ:
तुम्ही कुठले, तुमचा मुनीम ठरवेल. अन् क्लिकही तोच करेल.