‘अर्धवाहक’ ठीक, पण ‘हॉपिंग’ला काय म्हणावं?

प्रश्न: भाची कलिन्याला एमएस्सी फिजिक्स करते. तिच्या प्रकल्पाची मराठीत ओळख लिहून द्यायची आहे. विषय: ‘ऑरगॅनिक सेमीकंडक्टर’च्या ‘थिन फिल्म’मधून वीज वाहते त्यावर तापमानाचा परिणाम. मी ‘सेंद्रिय अर्धवाहक पापुद्रा’ लिहिलं, तर घरचे म्हणाले खताची जाहिरात वाटते. आणि ‘हॉपिंग’ला, म्हणजे विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारत जातो त्याला, काय लिहू?

उत्तर: ताई, ‘सेंद्रिय’ला आता खताचा वास लागलाय खरा. मराठी विश्वकोशातलं ‘कार्बनी’ घ्या, कारण अशा थरांसाठी वापरतात ते पदार्थ, पेंटासीन काय, रुब्रीन काय, सगळे कार्बनचेच सांगाडे. ‘अर्धवाहक’ पक्का आहे. बेस्टच्या बसमुळे तो हाफ तिकीटवाला वाटतो, वाटू दे! पापुद्रा मात्र नको. पापुद्रा सुटून येतो. हा काचेवर बसलेला असतो, बऱ्याचदा 50-100 नॅनोमीटर जाडीचा. सरळ ‘पातळ थर’ लिहा.

आता हॉपिंग. ‘उड्डाण’ लिहू नका, विमान डोळ्यांपुढे येतं. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळे धावतात. तार तापली की अणूंची थरथर वाढते, धडका वाढतात, रोध वाढतो. कार्बनी थरात रेणू एकमेकांना सैलसर धरून असतात. विद्युतभार एका रेणूवर अडकतो, पुढच्यावर जायला त्याला रेटा लागतो आणि तो रेटा उष्णता देते. म्हणून थर तापवला की वहन वाढतं, फार गार केला की जवळजवळ थांबतं. खोलीच्या तापमानाला हा रेटा असतो सुमारे 0.026 इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं इवलंसं माप), म्हणजे चिमूटभरच. चाळीच्या अंगणात खडूने घरं आखून ठिकरी खेळायचो ना, एका पायावर या घरातून त्या घरात? तेच हे. ‘लंगडी-वहन’ म्हणा.

आणखी एक मत: ठिकरी आवडली, लंगडी नाही. ‘लंगडं वहन’ वाचलं जाईल. ‘घर-ते-घर उडी’ बरं. आणि ‘तापवलं की वहन वाढतंच’ असं सरसकट लिहू नका. रुब्रीनच्या शुद्ध स्फटिकात खोलीच्या तापमानापासून थोडं खाली आलं की भारांची गतिशीलता उलट वाढते. शिवाय ‘तापवणे’ आणि ‘शेकणे’ (ॲनीलिंग, म्हणजे थर मुद्दाम काही वेळ तापवून ठेवणे) वेगळे ठेवा. नुसता तापलेला थर गार झाला की पूर्ववत होतो. शेकलेल्या थरात कणांची रचनाच बदलते, भाकरीसारखी. भाचीला विचारा, तिने मोजण्याआधी थर शेकले होते का?

प्रश्नकर्ती: विचारलं. शेकले होते. ओळखीत तसं वाक्य घालते.