शब्दचर्चा: गेममधल्या ‘अपकीप’ला मराठीत काय म्हणावं?

वारणाकाठ
सांगलीतल्या ग्रुपमध्ये स्टेलारिस (अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम) नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठी टिपणं करायला घेतलीत. पहिल्या वीस वर्षांचीच, म्हणजे खेळातली २२०० ते २२२०. गाडी एका शब्दावर अडलीय: अपकीप. ‘देखभाल खर्च’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, काही मोडलं तर दुरुस्तीला लागणारा पैसा. तसं नाही ना ते. खाणकेंद्र उभारायला १०० खनिजं एकदाच द्यायची, आणि ते उभं आहे तोवर दर महिन्याला १ ऊर्जा जात राहते. ‘चालू खर्च’ म्हणावं तर ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात शिरल्यासारखं वाटतं. काम असो-नसो, दरमहा जाणारच, हे ऐकताक्षणी कळेल असा शब्द सुचवा.

चारभिंती
पोसणावळ.
बैल दावणीला बसून असला तरी वैरण खातोच, त्याला आपण ‘पोसणं’ म्हणतो. तेच क्रियापद घ्या आणि दळणावळ, शिवणावळ, राखणावळ यांच्या रांगेत बसवा. सुरुवातीला मिळणाऱ्या तीन कॉर्व्हेट (छोटी लढाऊ जहाजं) लढाई नसली तरी ऊर्जा खातात, थोडा मिश्रधातूही खातात. ‘तीन कॉर्व्हेटची पोसणावळ’ म्हटलं की नवख्यालाही समजेल, दहा का बांधू नयेत ते.

हळदपेठ
शब्द झकास आहे, पण व्याकरणात गोम आहे दादा. ‘-णावळ’ ही कामाची मजुरी. दळण टाकलं तर दळणावळ, नाही टाकलं तर एक पैसा नाही. वारणाकाठला नेमकं याच्या उलट हवंय.

चारभिंती
मग खाणावळ? महिन्याचे पैसे भरले की जेवा नाहीतर उपाशी राहा. खाडे धरायचे की नाही, तो मालकाचा मूड.

हळदपेठ
मान्य. खाणावळीपुढे बोलती बंद.

कासपठार
‘पोसणावळ’ चालेल, पण तिची हद्द आधी आखून घ्या, नाहीतर टिपणांत गोंधळ होईल. गेम एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी दाखवतो. खाणकेंद्राची १ ऊर्जा ही खरी पोसणावळ. पण धातुकाम करणारा कामगार महिन्याला ६ खनिजं घेतो आणि ३ मिश्रधातू देतो, त्या ६ खनिजांवरही गेम ‘अपकीप’च लिहितो. ती पोसणावळ नव्हे, तो कच्चा माल. तिथे आपल्या भागात रुळलेला साखर कारखान्याचा शब्द घ्या: उतारा. ‘सहाला तीन उतारा.’ संशोधकाचंही तसंच. तो महिन्याला २ ग्राहकवस्तू संपवतो, आणि त्या ग्राहकवस्तूसुद्धा कारागीर खनिजांतूनच करतात.

फरक का पाडायचा, तर कात्री लावायची जागा वेगळी असते. पोसणावळ कमी करायची तर वस्तूच काढावी लागते, जहाज मोडीत घालावं लागतं. कच्च्या मालाचा खर्च थांबवायला कामगार दुसऱ्या कामावर हलवला की पुरे, इमारत तशीच राहते. नवखे खनिजं संपत आली की घाबरून नव्या खाणी बांधायला काढतात. दोन धातुकामगार त्या कामावरून काढले तर महिन्याची १२ खनिजं त्याच दिवशी वाचतात, पुढे ते दोघे खाणीवर लागले की खणून आणतील ती वेगळी. फक्त मिश्रधातू सहाने घटेल, तेवढं बघून करा.

या चर्चेतले स्टेलारिसचे सगळे आकडे तिसऱ्या आवृत्तीच्या मालिकेतले. मे २०२५ च्या ४.० पासून लोकसंख्या मोजायची पद्धतच बदलली, तेव्हा टिपणांत आवृत्ती ठळक लिहा.

वारणाकाठ
उतारा घेतला! ताई, आता दुसरी अडचण. ‘बॉटलनेक’ला काय लिहू? कच्च्या मसुद्यात कुणीतरी ‘बाटलीची मान’ लिहून ठेवलंय.

कासपठार
ती मान आधी मोडा.

नाम कशाला शोधताय, क्रियापद तयार आहे: नडणं. ‘पैशाची नड आहे’ घरोघर म्हणतात. खेळतानाही दर दोन-तीन वर्षांनी थांबून एकच प्रश्न विचारायचा, आत्ता काय नडतंय? सुरुवातीचं सगळं नियोजन त्या उत्तरावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली काही वर्षं मिश्रधातू नडतो. विज्ञानजहाज १००, बांधकामजहाज १००, प्रत्येक नवं ठाणं १००. (आउटपोस्टला मी ठाणं म्हणतेय. मराठ्यांच्या इतिहासात ‘ठाणं बसवलं’ म्हणतात, तेच.) सर्वेक्षण झाल्याशिवाय त्या ताऱ्याजवळ ठाणं बसत नाही, म्हणून पहिले १०० मिश्रधातू दुसऱ्या विज्ञानजहाजाला द्यावेत. एकाच जहाजावर सर्वेक्षण रेंगाळतं आणि बांधकामजहाज हात बांधून उभं राहतं.

दोन-तीन ठाणी बसली की नड बदलते, आता प्रभाव (इन्फ्लुअन्स, हद्द वाढवायला लागणारं साधन) नडतो. लगतच्या ताऱ्याला ७५ प्रभाव, मूळ आवक महिन्याला ३. म्हणजे नुसत्या मूळ आवकेवर एका ठाण्यामागे २५ महिने. ताफ्याच्या जोरावर आणि पुढे साम्राज्यातल्या राजकीय पक्षांकडून थोडी भर पडते, तरी वेग तोच पकडा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘काम हळू चाललंय’ म्हणून दुसरं बांधकामजहाज बांधणं. काम हळू चाललंय ते प्रभाव नाही म्हणून. दुसरं जहाज पहिल्याच्या शेजारी उभं राहील, वर त्याची पोसणावळ सुरू.

प्रभाव नडतो तेव्हा मिश्रधातू साठायला लागतो, वसाहतजहाजाची वेळ ती. त्याला २०० मिश्रधातू, २०० अन्न, २०० ग्राहकवस्तू लागतात, प्रभाव शून्य. नेहमीच्या मांडणीत जवळपास दोन राहण्याजोगे ग्रह हमखास मिळतात, ते दोन याच काळात वसवावेत. आधी वसवले तर प्रत्येकामागे दोन ठाण्यांचा मिश्रधातू अडकतो. फार उशीर केला तर त्या ग्रहावरची लोकसंख्या वाढायला उशिरा लागते, आणि तो उशीर पुढे भरून निघत नाही.

यवतेश्वर
ताईंच्या मुद्द्याला धरून. नड आणि तूट एक समजू नका. तूट म्हणजे महिन्याची आवक उणे, वरच्या पट्टीवर लाल आकडा. लाल दिसलं की नवखे हातचं सोडून वीजनिर्मितीमागे धावतात. ऊर्जा दरमहा ५ ने उणे असेल आणि शिल्लक २०० असेल, तर ४० महिने काही बिघडत नाही. त्या ४० महिन्यांत दोन ठाणी बसून त्यांच्या भोवतीची ऊर्जाकेंद्रं सुरू झाली तर तूट आपोआप मिटते. शिल्लक शून्यावर जाणं हा खरा धोका, कारण तिथून उत्पादनावर दंड सुरू होतात. टिपणांत ‘तूट चालेल, खडखडाट नको’ एवढं लिहिलंत तरी पुरे.

हळदपेठ
आणि बाजारातल्या फीला ‘शुल्क’ नका लिहू, ‘अडत’ लिहा. सांगलीत समजावून सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या मालिकेतला हिशोब असा. मिश्रधातूचा मूळ भाव ४ ऊर्जा, अडत ३० टक्के. घ्यायला गेलात तर ५.२ मोजावे लागतात, विकायला गेलात तर २.८ हाती येतात. म्हणजे घेतलेलं परत विकलं तर जवळपास निम्मं गेलं. वर एकदम १०० उचलले की भाव चढतो आणि खाली यायला वेळ घेतो. मिश्रधातू नडत असेल आणि ऊर्जा पडून असेल तर दरमहा थोडा-थोडा घ्यायची कायमची मागणी लावून ठेवा. जादा अन्नही तसंच, दरमहा थोडं विकायचं.

चारभिंती
अडत दोन्हीकडून कापणारा अडत्या! काय राव, हे तर आपल्या पेठेच्याही पुढे गेलं.

मिरजवेस
स्टारक्राफ्ट (युद्धाचा दुसरा एक गेम) खेळणाऱ्यांनाही ही टिपणं द्यायची असतील तर पोसणावळ तिथे चालणार नाही, लक्षात असू द्या. त्या गेमच्या दुसऱ्या भागात कामगाराला ५० खनिजं एकदाच, पुढे दरमहा वगैरे काही नाही. तिथे मर्यादा असते ती जागेची. टेरन या मानवी गटाच्या सप्लाय डेपोला १०० खनिजं, त्याने ८ जागांची सोय होते. जागा भरली की उत्पादन ठप्प. याला ‘कोंडी’ म्हणा. शेवटच्या दोन-तीन जागा उरल्या असताना डेपो सुरू करायला हवा, भरल्यावर केलात तर तो पुरा होईपर्यंत कारखाने रिकामे.
तळ वाढवायचा कधी, तेही मोजूनच ठरतं. एका तळाला ८ खनिजसाठे, प्रत्येकी दोन कामगार, म्हणजे १६. वायूच्या विहिरीला ३. सोळानंतरचा कामगार आणतो, पण कमी आणतो. म्हणून नवा तळ सोळा भरायच्या आत सुरू करायचा, म्हणजे तो उभा राहीपर्यंत जादा झालेले तिकडे हलवता येतात.

वारणाकाठ
कोंडी वेगळी ठेवतो. आता ‘एक्सपान्शन’. सरसकट ‘विस्तार’ लिहिलंय, जमेल?

यवतेश्वर
जमेल, पण मिळमिळीत आहे. १९९३ मध्ये मास्टर ऑफ ओरायनच्या निमित्ताने या जातीच्या गेमना ‘फोर एक्स’ नाव पडलं. शोधा, पसरा, पिळा, संपवा. त्यातलं दुसरं क्रियापद ‘पसरणं’च आहे. ‘विस्तार’ मंत्रिमंडळाचा होतो.

कासपठार
‘पसरणं’ क्रिया म्हणून ठेवा, ‘पसारा’ मात्र राखून ठेवा. साम्राज्याच्या आकाराचा आकडा १०० च्या वर गेला की संशोधन आणि परंपरा (साम्राज्याला कायमचे फायदे देणाऱ्या निवडी) महाग होत जातात. मधल्या काही आवृत्त्यांत त्याचं नावच स्प्रॉल होतं. पसारा! एका तारामंडलामागे १, एका वसाहतीमागे १०, शिवाय लोकसंख्या आणि जिल्हे. म्हणून ठाणी बसवताना पसाऱ्याची फार फिकीर करू नका, दहा ठाणी म्हणजे एक वसाहत. निकृष्ट ग्रहावर वसाहत टाकताना मात्र दहादा विचार करा.

‘वसाहत’ शब्दाला माझा किरकोळ आक्षेप आहे. सांगलीत तो ऐकला की कुपवाडची एमआयडीसी डोळ्यांपुढे येते, साताऱ्यात धरणग्रस्तांची. पण ग्रहासाठी दुसरा बरा शब्द नाही, चालवून घेऊ.

मिरजवेस
सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर या अंतराळातल्याच गेममध्ये नवा ग्रह घेतला की सुरुवातीला उत्पन्न उणे असतं, त्याची नागरी सोय वाढवेपर्यंत पैसे तोच खातो. आमच्यात त्याला ‘ग्रह अंगावर आला’ म्हणतात. एका दमात तीन घेतले की तिन्ही अंगावर. एक घ्या, त्याच्या पहिल्या सुधारणेचे पैसे त्याच वेळी बाजूला काढा, मग पुढचा.

वारणाकाठ
‘अंगावर येणं’ जसंच्या तसं घेतो. शेवटचं एक. हायपरलेनच्या (ताऱ्याताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांच्या) जाळ्यात एकाच वाटेने आत येता येतं अशी जागा, तिला खिंड म्हणू की नाका?

चारभिंती
दोन्ही म्हणा. खिंड ही जागा, नाका म्हणजे तिथे तुम्ही बसवलेलं ठाणं. ‘खिंड सापडली, नाका बसवला नाही’ असं वाक्य करता यायला हवं, कारण खेळात नेमकं तेच होतं. लोक घराजवळचे तारे एकेक करत घेत बसतात आणि खिंडीतला तारा शेजारी घेऊन जातो.

कासपठार
म्हणून क्रम उलटा ठेवायचा. सर्वेक्षणात खिंड दिसली की मधला एखादा तारा सोडून आधी ती गाठायची. अंतर वाढलं की प्रभाव ७५ पेक्षा जास्त लागतो, तेवढा सोसावा. फार लांब उडी मात्र नको, दोन ठाण्यांचा प्रभाव एकातच जाईल. नाका बसला आणि सीमा बंद ठेवली की आतले सुटलेले तारे पळून जात नाहीत, ते सावकाश भरता येतात. सगळ्या ठाण्यांची पायरी वाढवायच्या भानगडीत पडू नका. पायरी वाढवलेल्या ठाण्यांची मर्यादा सुरुवातीला ३ असते, त्यातलं एक राजधानीचं. नाक्यांना उरतात दोन. पहिल्या पायरीला २०० मिश्रधातू जातात, तेव्हा समोर कोण शेजारी आहे ते कळेपर्यंत दुसरा राखून ठेवा.