[यादी] नाताळात पोर्टो रिको: सोबत दोन पिल्लं आणि आजी

प्रेषक: मृणाल, एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत थंडीतून पळ काढायचा विचार आहे. मोठी पाच वर्षांची, धाकटा पावणेदोन वर्षांचा, आणि सध्या सासूबाई आल्यात त्याही सोबत. नवऱ्याला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचं ऑल-इन्क्लूसिव्ह रिसॉर्ट खुणावतंय, मला पोर्टो रिको. आमच्या दोघांचे एच-वन (नोकरीचा) आणि एच-फोर (जोडीदाराचा) व्हिसाचे पासपोर्टातले स्टॅम्प संपलेत, मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र, आय-797, हातात आहे. सासूबाई बी-टूवर, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर, आणि पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही.

पोर्टो रिकोला गेलो तर पाच रात्री. डोक्यात आहेत जुनं सॅन हुआन आणि किल्ले, एल युंकेचं जंगल, रात्री चमकणारं पाणी, कुलेब्राचा फ्लामेंको बीच, आणि दक्षिणेला पोन्से शहर. जमेल का? मुलांसाठी कुठे उतरावं?

मृणाल

---

प्रेषक: निखिल

मृणाल, पुंता काना विसर.

स्टॅम्प संपलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत येण्याआधी वकिलातीत जाऊन नवा स्टॅम्प घ्यावा लागेल, आणि त्यात सुट्टी कधीच संपून जाईल. आता कुणीतरी लिहीलच की तीस दिवसांत परत आलं तर जुन्या स्टॅम्पवर चालतं. ती सवलत एच-वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. शेजारच्या बेटांसाठीची सवलत एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांना मिळते, आपल्याला नाही.

पोर्टो रिको अमेरिकेचाच भाग. नेवार्कहून चारेक तासांचं देशांतर्गत विमान, इमिग्रेशनची रांग नाही, सासूबाईंच्या आय-94ला, म्हणजे देशात आल्याच्या आणि राहण्याच्या मुदतीच्या नोंदीला, धक्का नाही. मे 2025पासून विमानतळावर रिअल आयडी (केंद्राच्या निकषांप्रमाणे काढलेलं राज्याचं ओळखपत्र) किंवा पासपोर्ट मागतात, तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट घ्या. आय-797ची मूळ प्रतही जवळ असू दे. परदेशी नागरिकाने आपले कागद सोबत बाळगावेत असा इथला कायदाच आहे. धाकटा दोन वर्षांच्या आतला आहे, त्यामुळे मांडीवर बसवून फुकट. चार तास त्याला मांडीवर सांभाळणं कितपत फुकट पडतं, ते तुम्ही ठरवा.

निखिल

---

प्रेषक: केतकी

मृणाल, आम्ही तिथे दर एक-दोन वर्षांनी जातो, माझा भाऊ तिथे असतो म्हणून. तुझी यादी कागदावर पाच दिवसांत बसते. धाकट्याची दुपारची झोप मात्र त्या कागदावर कुठे दिसत नाही. तेव्हा मी आधी कात्री चालवते.

पोन्से काढ. बेट ओलांडून जायचं, जाऊन-येऊन तीन तासांच्या वर गाडीत, आणि तिथे बघायचं ते मोठ्यांनी.

कुलेब्राही काढ. फ्लामेंको सुंदर आहे यात वाद नाही. पण त्यासाठी सॅन हुआनहून सेइबाच्या धक्क्यापर्यंत गाडी, मग फेरी, मग तिथून पुन्हा वाहन. डिसेंबरात वारे जोर धरतात, तिकडे त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’च म्हणतात, आणि फेरी चांगलीच हेलकावते. सुट्टीत तिकिटांची मारामारी असते आणि बेटावरच्या रहिवाशांना आधी जागा मिळते, जे रास्तच आहे. उलट्या करणारं मूल आणि शेवटची फेरी चुकायची धास्ती, एवढं करून मिळते ती वाळू. वाळू लुकियोलाही आहे.

आता किनाऱ्याबद्दल, कारण लहान मुलांच्या बाबतीत खरा निर्णय एवढाच असतो. हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकच्या मोठ्या लाटा येतात. सॅन हुआनमधलं कोंदादो फोटोत झकास दिसतं, पण तिथल्या पाण्याला ओढ आहे आणि चांगली पोहणारी माणसंही तिथे बुडाली आहेत. लुकियोचा सार्वजनिक किनारा, बाल्नेआरिओ ला मोन्सेरात, ईशान्येला आहे. अर्धचंद्राकार, बाहेरच्या बाजूला खडकांचा आडोसा, त्यामुळे पाणी बरंच शांत. नारळाच्या झाडांची सावली आहे. शॉवर आहेत, गाडी लावायला जागा आहे. जवळच हमरस्त्याला लागून खाण्याच्या टपऱ्यांची लांबच लांब रांग. तुझ्या दोघांना बादली-फावडं दिलंस की सकाळ संपली. तरी किनाऱ्यावर पोचल्यावर आधी बावटा बघायचा. लाल असेल तर पाण्यात पाय नाही.

म्हणून मुक्काम लुकियो किंवा शेजारच्या रिओ ग्रांदेला, पाचही रात्री एकाच ठिकाणी. तिथून एल युंके वीसेक मिनिटांवर, सॅन हुआन पाऊण तासावर, गर्दी लागली तर जास्त. भाड्याची गाडी लागेलच. टोलचा टॅग गाडीबरोबर घे, रोख घेणारी खिडकी शोधत बसू नकोस. गंमत अशी की पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांमध्ये आणि पेट्रोल लिटरमध्ये. कार सीट घरूनच न्या. विमान कंपन्या ती सामानात फुकट घेतात आणि तिचे पट्टे तुमच्या ओळखीचे असतात. भाड्याने कशी मिळेल ते नशीब.

घर बघताना स्वैपाकघराआधी दोन गोष्टी विचारायच्या: जनरेटर आहे का, आणि पाण्याची टाकी आहे का. तिकडचे शब्द ‘प्लांता’ आणि ‘सिस्तेर्ना’. सप्टेंबर 2017च्या मारिया वादळानंतर तिथली वीज धड सावरलेलीच नाही. 31 डिसेंबर 2024ला पहाटे जवळजवळ अख्खं बेट अंधारात गेलं, 16 एप्रिल 2025ला ऐन ईस्टरच्या आठवड्यात पुन्हा. तिथली माणसं हे रोज सोसतात, आपण पाच रात्रींचे पाहुणे. पण फ्रीजमध्ये बाळाचं दूध असेल तर विचारलेलं बरं. ‘आहे’ असं तोंडी नको, लेखी उत्तर घे.

एल युंकेला सकाळी लवकर, अर्धाच दिवस. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमधलं हे एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. ला कोका धबधबा रस्त्याला लागूनच आहे, गाडीतून उतरलं की समोर. त्यापुढे योकाहू मनोरा, जवळपास सत्तर फुटी. मोठी चढेल, सासूबाई खाली बसतील. पाऊस येणारच, तेव्हा कपड्यांचा जादा जोड गाडीत. संध्याकाळ झाली की कोकी नावाचे एवढेएवढे बेडूक ‘को-की, को-की’ असा गजर लावतात तो थेट रात्रभर. पहिल्या रात्री मुलं झोपत नाहीत, दुसऱ्या रात्री बेडूक ओरडल्याशिवाय झोपत नाहीत.

केतकी

---

प्रेषक: सुभाषकाका

चि. मृणाल,

किल्ले मात्र कुणाच्याही सांगण्यावरून गाळू नकोस. जुन्या सॅन हुआनमधल्या एल मोरो किल्ल्याचं काम स्पॅनिश लोकांनी 1539मध्ये सुरू केलं. 1595मध्ये इंग्रजांचा ड्रेक आरमार घेऊन आला, त्याला तोफांनी परतवला. तीनच वर्षांनी कंबरलंडच्या अर्लने जमिनीच्या बाजूने येऊन किल्ला घेतला खरा, पण सैन्यात हगवण पसरली आणि काही आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागला. 1625मध्ये डचांनी शहर जाळलं, किल्ला काही हाती लागला नाही. जमिनीकडून धोका आहे हे कळल्यावर पुढे सॅन क्रिस्तोबालचा किल्ला बांधला. आपल्या सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664चं, म्हणजे एल मोरो सव्वाशे वर्षांनी थोरला. दोन्हींच्या तटांची तुलना करणारं सविस्तर टिपण माझ्याकडे आहे, पाठवू का?

सुभाषकाका

---

प्रेषक: यादी-स्वयंसेवक

काका, टिपण जरूर पाठवा, पण वेगळ्या विषयाखाली. मागे गणपतीच्या जेवणाच्या धाग्यात पानिपत शिरलं होतं, ते दिवाळीपर्यंत चाललं.

---

प्रेषक: श्रीरंग

केतकीशी दोन बाबतींत मतभेद.

पहिली राहण्याची जागा. सोबत आजी आहेत, बाळ आहे. अशा वेळी सॅन हुआनजवळच्या इस्ला व्हेर्देतलं मोठं हॉटेल बरं. विमानतळ दहा मिनिटांवर, लिफ्ट, जनरेटर हॉटेलवाल्यांची काळजी, आणि समुद्र खवळला तर तरणतलाव आहेच. भाड्याच्या घरात संध्याकाळी सातनंतर करायचं काय?

दुसरी गोष्ट चमकणारं पाणी, ज्याबद्दल ती बोललीच नाही. आम्ही मुलीला सहाव्या वर्षी फाहार्दो गावच्या लागुना ग्रांदे खाजणात घेऊन गेलो. कायाकच्या सहलींना वयाची अट असते, म्हणून विजेवर चालणारी बोट घेतली. पाण्यातले सूक्ष्म जीव हालचाल झाली की निळसर उजळतात. मुलीने पाण्यात हात फिरवला आणि नंतर परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही, जे आमच्या घरी क्वचित घडतं. एकच अट: चांदणं नको. कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आगेमागे तारीख धरा. पौर्णिमेला गेलात तर पैसे देऊन काळं पाणी बघाल.

श्रीरंग

---

प्रेषक: केतकी

श्रीरंग, हॉटेलचं म्हणणं एरवी मान्य केलं असतं. पण शाकाहारी आजींना पाच दिवस हॉटेलच्या जेवणावर ठेवून बघ, मग बोलू. आणि सातनंतर काय करायचं म्हणतोस? पावणेदोन वर्षांचं मूल सांभाळणारी माणसं सातनंतर झोपतात.

बोटीचं बरोबर आहे. फाहार्दो लुकियोहून जवळ, तेव्हा मोठीला घेऊन एकाने जावं, दुसऱ्याने धाकट्यापाशी थांबावं. तिथे आणि व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या चमकणाऱ्या खाडीमध्ये पाण्यात उतरायला बंदी आहे. उतरू देणारी ला पार्गेराची खाडी पार नैर्ऋत्येला, तुमच्या कामाची नाही.

आणखी दोन गोष्टी. कॅरिबियन किनाऱ्यांवर मान्सानियो नावाचं झाड आढळतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात त्याला. फळ विषारी आणि चीक अंगावर पडला की फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. काही ठिकाणी पाटी किंवा बुंध्यावर लाल पट्टा असतो, सगळीकडे नसतो. पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही, हे मोठीला विमानातच सांगून ठेव. धाकट्याला सांगून उपयोग नाही, त्याच्या हाताकडे लक्ष ठेव.

दुसरं डास. मार्च 2024मध्ये तिथे डेंग्यूमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती. डीट हे रसायन असलेलं डास पळवणारं औषध दोन महिन्यांवरच्या मुलांना चालतं; ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेलं लेमन युकॅलिप्टसचं तेल मात्र तीन वर्षांखाली वापरायचं नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारूनच घे.

आणि काकांच्या किल्ल्यासाठी एक पूर्ण सकाळ ठेव. किल्ला बघून होईल अर्ध्या तासात, खरी मजा समोरच्या हिरव्या माळावर. भन्नाट वारा असतो, जवळच पतंग विकायला बसलेले असतात, अख्खं शहर पोरंबाळं घेऊन पतंग उडवत असतं. सावली अजिबात नाही, टोप्या न्या. जुन्या शहरातले रस्ते निळसर विटांचे, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून केलेल्या. दिसायला देखण्या, पण बाबागाडी त्यावर खडखडत राहते. धाकट्याला पाठुंगळीच्या झोळीत घ्या.

केतकी

---

प्रेषक: वसुधाकाकू

मृणाल बाळा, सासूबाईंच्या वतीने मी लिहिते, कारण नातवंडांबरोबर मीही तिकडे गेले होते.

हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मान डोलावतात आणि डुकराचं मांस घालून शिजवलेला राजमा आणून ठेवतात. त्यांच्या लेखी ते मांस नसतं, चव असते. तेव्हा ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असं दोन्ही म्हणायचं: मांस नको, हॅमही नको. मोफोंगो म्हणजे कच्च्या केळ्याचा कुटलेला गोळा. त्यात बहुधा डुकराची तळलेली कातडी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप, छान लागतात, पण सोबतच्या गुलाबी चटणीत मेयोनीज असतं, म्हणजे अंडं आलं. अमारीयोस, पिकल्या केळ्याचे गोड काप, मुलं ताटलीभर खातात. तेल वेगळं असेल अशा भ्रमात मात्र राहू नका. सासूबाईंना तेही चालत नसेल तर स्वैपाकघर हवंच, इथे मी केतकीच्या बाजूने.

आता आनंदाची गोष्ट. नाताळात तिथे घरोघरी ‘गांदुलेस’ घातलेला भात करतात. गांदुलेस म्हणजे आपल्या तुरीचे ओले दाणे! तूर मूळची आपल्याकडची, आफ्रिकेमार्गे तिकडे पोचलेली. त्यांच्या भातात मांस असतं, पण दुकानात नुसते दाणे डब्यात किंवा गोठवलेले मिळतात. मी गोडा मसाला नेला होता, ओल्या तुरीची आमटी केली आणि शेजारणीला वाटीभर दिली. तिने तिच्या बागेतली रेकाओची पानं दिली, कोथिंबिरीची थोरली बहीणच म्हण. दुसऱ्या दिवशीच्या आमटीत तीच घातली.

तांदूळ तिथे घ्या, कॉस्टको-वॉलमार्ट सगळं आहे. तूरडाळ, मेतकूट आणि छोटा राइस कुकर घरून न्या. चोवीस तारखेच्या दुपारच्या आत बाजारहाट उरका, मग दुकानं मिटतात. येताना फळं आणायच्या फंदात पडू नका. सॅन हुआनला विमानात चढण्याआधी शेतकी खात्याची माणसं सामान तपासतात आणि आंब्यासारखी फळं काढून घेतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

वसुधाकाकू

---

प्रेषक: मृणाल

सगळ्यांचे आभार. निखिलचा मेल नवऱ्याला वाचून दाखवला, पुंता काना बाद. लुकियोला तळमजल्यावरचं घर बघितलंय, प्लांता आणि सिस्तेर्ना दोन्ही असल्याचं घरमालकाने लेखी कळवलंय. कुलेब्रा आणि पोन्से काढले. बोटीवर मोठी आणि तिचा बाबा जातील. आमच्या तारखा शाळेने ठरवलेल्या, चंद्राने नाहीत, तरी कालनिर्णयात बघून त्यातल्या त्यात काळी रात्र निवडते. किल्ल्याची सकाळ पक्की, आणि काका, टिपण मला वेगळं पाठवा. सासूबाई मालवणच्या आहेत, त्यांनी आत्ताच मागितलंय.

आता मागणं. कुणाकडे कार सीट न्यायची मोठी पिशवी आणि पाठीवरची झोळी असेल तर आठवडाभरासाठी हवी आहे. रविवारी मराठी शाळेत आणलीत तरी चालेल, मी साडेअकरापर्यंत तिथेच असते. मेतकूट माझ्याकडे आहे. गोडा मसाला संपलाय, वसुधाकाकू.

मृणाल